पशुवैद्यक परिषदेच्या मतदार यादीत नाव आहे की नाही, कसं पाहायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी उदगीरच्या कॉलेजातून पदवी घेतली, आता अहमदपूर भागात प्रॅक्टिस करतो. नोंदणी केली तेव्हा पत्ता परभणीच्या भाड्याच्या खोलीचा दिला होता. खोली सोडून जमाना झाला, पत्ता तोच राहिला. चूक माझीच.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार राज्य परिषदेवर (जिथे आपली नोंदणी असते) ४ सदस्य आपण नोंदणीकृत पशुवैद्यकांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. बाकीचे नियुक्त किंवा पदसिद्ध. भारतीय परिषदेच्या २७ पैकी ११ जागाही निवडणुकीच्याच. म्हणजे राज्याच्या ४ जागांसाठी तरी आपलं मत वाया जाऊ नये. (रात्री दोनला अडलेली म्हैस सोडवायला जातो, मतदानाला नाही जायचं होय?)

विचारायचं एवढंच : मतदार यादी नोंदणी रजिस्टरवरूनच बनते, तर पत्ता बदलायला नागपूरच्या परिषद कार्यालयात स्वतः जावं लागतं की अर्ज पाठवून भागतं? नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर यादीतून नाव गळतं का? आणि उमेदवारी अर्जाला सूचक-अनुमोदक लागतात का? आमचे एक सर उभं राहायचं म्हणतायत.

लातूर, नांदेड, परभणीकडच्या कुणी हे नुकतंच केलं असेल तर सांगा राव.