मूल आपोआप रुळतं का?

तुम्ही दोघं संस्थेतलं सात वर्षांचं मूल दत्तक घ्यायचा विचार करताय. त्यावर ‘घर आणि माया मिळाली की मूल आपोआप रुळतं’ असं मत कुणी मांडलं, ते मला अपुरं वाटतं. रोमानियाचा अनुभव बघा. १९८९ च्या अखेरीस तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत लाखाहून जास्त मुलं होती. त्यातली बरीच परदेशी दत्तक गेली. ब्रिटनमध्ये आलेल्या १६५ मुलांकडे बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुलं इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. जास्त राहिलेल्या अनेकांना लक्ष टिकवणं, आपलं-परकं माणूस ओळखणं पुढेही जड गेलं. तरी बुद्धीची मागे पडलेली वाढ पुष्कळ भरून निघाली, आणि काहींना तर कसलीच अडचण आली नाही. पण ही सगळी साडेतीन वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच आलेली. तुमचं मूल तर सात वर्षांचं असेल.

ते कुणाही अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसलं तर ‘किती लाघवी!’ म्हणून खूश होऊ नका. पाळीपाळीनं बदलणाऱ्या बायांच्या हातात वाढलेल्या मुलाला आपलं-परकं कळायला वावच मिळालेला नसतो. सुरुवातीचे महिने भरवणं, झोपवणं, दुखलंखुपलं बघणं तुम्ही दोघांनीच करा. पाहुण्यांचा गोतावळा नको, आजी-आजोबांनीही जरा दमानं घ्यावं. पुढचं जेवण मिळेल की नाही या धास्तीनं उशीखाली लपवलेली पोळी सापडली तर रागावू नका, खाऊचा डबा त्याच्या हाताशी ठेवा. आणि निघण्यापूर्वी संस्थेतल्या त्याच्या सवंगड्यांचे फोटो मागून घ्या. नंतर ते सहसा मिळत नाहीत.