एन्लाइटनमेंटचा उशीर नेमका कशात गेला

एन्लाइटनमेंट हा लिनक्सवरचा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा आणि हाताळणारा प्रोग्राम. त्याची ई१७ ही आवृत्ती यायला सुमारे एक तप लागले ती निव्वळ चालढकल होती, असा आक्षेप घेतला जातो. ते मला मुळीच पटत नाही. एन्लाइटनमेंटचे निर्माते कार्स्टन हाइट्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात विंडो मॅनेजरखालची ग्राफिक्स लायब्ररींची (चित्र काढण्यासाठीच्या तयार कोडसंचांची) सगळी बैठकच नव्याने घातली, आणि म्हणूनच २१ डिसेंबर २०१२ रोजी ई१७ येण्याच्या जवळपास दोन वर्षे आधी, जानेवारी २०११ मध्ये, या लायब्ररींचा संच, ईएफएल १.०, बाहेर पडला होता. पुढे टायझेन या ऑपरेटिंग सिस्टिमनेही याच लायब्ररी वापरल्या.

त्यांतली इव्हास ही पडद्यावर चित्र काढणारी लायब्ररी मला सर्वांत मोलाची वाटते. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूची स्थिती ती स्वतः लक्षात ठेवते आणि जेवढे बदलले तेवढेच पुन्हा रंगवते. नागपुरात माझ्या घरी २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर बोधी लिनक्स ही लिनक्सची एक आवृत्ती आहे, जिचा मोक्षा डेस्कटॉप ई१७ मधूनच फुटून निघाला. मे महिन्यात कूलरसमोर ठेवूनही हे यंत्र तापते, त्यामुळे प्रोसेसरचे वाचलेले प्रत्येक काम मला जाणवते: घड्याळात मिनिटाचा आकडा बदलला, तर तेवढाच चौकोन नव्याने काढला जातो.

ईएफएलमधल्याच एजे या लायब्ररीमुळे रूपरचना मूळ कोडपासून वेगळ्या फाइलीत राहते, हाही त्याच वर्षांतल्या मेहनतीचा भाग आहे.