प्रतिसाद: तीन वाजून पाच मिनिटांनी
वर कुणीतरी लिहिलंय, 'पाचच मिनिटं उशीर झाला तर क्लार्कने विधानसभेचा अर्ज घेतला नाही, नक्की पाकीट पोचलं असणार.' अहो, तो निर्णय त्याच्या हातात नसतोच. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच वेळ ११ ते ३ अशी आहे. मी त्या टेबलावर बसलोय. तीनला दार बंद, जे आत आहेत त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या, मग रांग सहापर्यंत चालो.

खरं डोकं जातं ते मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक ताडण्यात. सूचकाचा, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदाराचा, भाग क्रमांक हमखास जुन्या यादीतला! शपथपत्रात रकाना कोरा राहिला तर नोटीस दिल्यावर छाननीपर्यंत पूर्ण भरलेलं नवं शपथपत्र देता येतं, पण अनामत चेकने घेत नाहीत, रोख आणा नाहीतर सरकारी कोषागारात भरल्याची पावती जोडा. माझ्यासमोर एकाने दहा हजारांची चिल्लर ओतली होती.