मदत हवी आहे : तीच अक्षरं, दुसरा शब्द. लांब इंग्रजी शब्दांच्या जोड्या सुचवा

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सिडकोत राहते. दर शनिवारी संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहात पाचवी ते आठवीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेते. फी वगैरे काही नाही. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची, आईवडील सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला. दोघी बहिणी लासलगावजवळच्या एका गावातून मामाकडे शिकायला आल्या आहेत. या मुलांना बोलायची तेवढी भीती नाही, जेवढी लांबलचक शब्दांची आहे. नऊ-दहा अक्षरांचा शब्द दिसला की पहिली तीन अक्षरं वाचतात आणि पुढचं अंदाजाने ठोकून देतात.

म्हणून एक खेळ सुरू केला. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन कापले आणि प्रत्येकावर स्केचपेनने एकेक कॅपिटल अक्षर काढलं. काहींच्या पाठीवर अजून सोनेरी गणपतीचा तुकडा आहे. एका शब्दाची अक्षरं एका रिकाम्या काडेपेटीत. मुलाने पेटी सतरंजीवर ओतायची, मी सांगितलेला शब्द लावायचा, आणि मग त्याच अक्षरांतून दुसरा शब्द काढायचा. एकही अक्षर उरता कामा नये, एकही उसनं घ्यायचं नाही.

पहिली जोडी होती 'कॉन्व्हर्सेशन'ची. सहावीतल्या एका मुलीने बराच वेळ नुसतं पाहिलं. मग व्ही उचलून तळहातावर ठेवला, त्या जागी एस सरकवला आणि एसच्या रिकाम्या जागी व्ही बसवला. 'कॉन्झर्व्हेशन' तयार. गप्पांचं झालं जतन. तिने बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "मॅडम, बाकीची दहा हललीच नाहीत." बारा अक्षरांचा शब्द ती त्या दिवसापासून न अडखळता लिहिते.

तेव्हापासून मी अशा जोड्या शोधते आहे, आणि शक्यतो आपल्या गावाशी नातं सांगणाऱ्या. सगळ्यात लाडकी 'पर्कशन' आणि 'सुपरसॉनिक'. दहा अक्षरं, दोन्हीत एस दोनदा. पर्कशन म्हणजे आपला नाशिक ढोल, आणि सुपरसॉनिक म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पुढे जाणारं. ओझरला एचएएलच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई-३० विमानं तयार झाली, ती तशीच. मुलांनी दोन्ही कानांनी ऐकलेलं आहे, अर्थ सांगावाच लागला नाही.

दुसरी तर तिळी निघाली. 'एज्युकेशन', 'ऑक्शन्ड', 'कॉशन्ड'. शिक्षण, लिलाव झालेलं, सावध केलेलं. नऊ अक्षरं, आणि त्यात इंग्रजीचे पाचही स्वर एकेकदाच. लासलगावच्या त्या दोघींना 'ऑक्शन्ड' कळायला क्षणही लागला नाही. धाकटी म्हणाली, "आमचा कांदा ऑक्शन्ड होतो." कर्मणी प्रयोग शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही, त्या एका वाक्यावर सगळा वर्ग शिकला.

'माउंटेनिअर' आणि 'एन्यूमरेशन' ही अकरा अक्षरांची जोडीही जमली. गिर्यारोहक आणि मोजदाद. बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. दोन मुलं तो चढून आलेली आहेत. पायऱ्या मोजत चढलो म्हणाली, म्हणजे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसले. शब्दसमूहांत 'डॉर्मिटरी' आणि 'डर्टी रूम', 'स्कूलमास्टर' आणि 'द क्लासरूम' घेतले. 'इलेव्हन प्लस टू' आणि 'ट्वेल्व्ह प्लस वन' तर फारच आवडलं, कारण अक्षरं तेरा आणि बेरीजही तेराच.

आता अडचण. मागच्या शनिवारी एका छापील यादीतून मी 'डिस्क्रिशन' आणि 'डिरेक्शन' ही जोडी न तपासता घेतली. एक अबोल मुलगा आहे, त्याच्या वाट्याला ती पेटी आली. 'डिरेक्शन' लावून झालं आणि त्याच्या हातात एक एस उरला. त्याला वाटलं, आपलंच चुकलं. तीनदा मोडून तीनदा लावलं, शेवटी एस मुठीत धरून बसला. घरी येऊन मी मांडून पाहिलं तेव्हा कळलं की यादीच चूक, तो शब्द अनेकवचनी हवा : 'डिरेक्शन्स'. मला फार लागलं ते. जे मूल आधीच बिचकतं, त्याच्या हातात मी चुकीचं कोडं दिलं. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर त्याला सांगणार आहे की तो बरोबर होता.

तर मला हवं आहे ते असं. नऊ किंवा जास्त अक्षरांच्या जोड्या, तुम्ही स्वतः अक्षर अन् अक्षर मोजलेल्या. दोन्ही शब्द वापरातले असावेत, किंवा निदान त्यांचा अर्थ मुलांना दाखवता यावा. नुसता लांब शब्द नको. फुप्फुसाच्या आजाराचा तो ४५ अक्षरी शब्द बरेच जण सुचवतात, पण तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांबवून घडवला होता. डॉक्टर त्या आजाराला सिलिकोसिसच म्हणतात.

शिवाय दोन अर्थ अडले आहेत. 'पर्कशन'ला एकच मराठी शब्द कोणता? आणि 'डिस्क्रिशन'ला? आणखी एक हट्ट : दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, त्यांच्यासाठी एखादी जोडी मिळाली तर फार बरं होईल.

पहिला प्रतिसाद

ताई, 'पर्कशन'ला एका शब्दात पकडायला जाऊ नका. आपल्याकडे वाद्यांचे चार प्रकार : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. ढोल-ताशा चामडं मढवलेले म्हणून अवनद्ध, झांजा धातूच्या म्हणून घन. इंग्रजीत दोन्ही मिळून पर्कशन. मुलांना 'वाजवायची, म्हणजे आपटून किंवा ठोकून वाजणारी वाद्यं' एवढं पुरे. 'डिस्क्रिशन' म्हणजे तारतम्य. सरकारी कागदात 'स्वविवेक' येतं तेही हेच.

माझ्याकडून दोन जोड्या. 'इम्प्रेशन्स' आणि 'परमिशन्स', अकरा अक्षरं, ठसे आणि परवानग्या. 'कॅटलॉग्ज' आणि 'कोॲग्युलेट्स', दहा अक्षरं. दुसऱ्याचा अर्थ साकळतं, जखमेवर रक्त साकळतं ते. पण सांभाळा, 'कॅटलॉग्ज' ब्रिटिश स्पेलिंगने, यू आणि ई धरूनच लिहा. अमेरिकन पद्धतीने लिहिलात तर पुन्हा एखाद्याच्या मुठीत अक्षरं उरतील.

दुसरा प्रतिसाद

ताई, फाळक्यांची जोडी माझ्याकडे आहे. 'सिनेमॅटोग्राफर', पंधरा अक्षरं. तीच अक्षरं फिरवली की 'मेगाकायरॉप्टरन'. वटवाघळांचे पूर्वी दोन गट मानायचे, त्यातल्या फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या गटातला प्राणी, असा त्याचा अर्थ. शब्द रोजचा नाही, पण प्राणी रोजचा आहे. आमची निफाडला द्राक्षबाग आहे. मणी गोड व्हायला लागले की आम्ही जाळी टाकतो, दिवसा पाखरांसाठी आणि रात्री यांच्यासाठी.

आणि फाळक्यांना 'सिनेमॅटोग्राफर' म्हणायला हरकत नाही. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याचं रोप उगवून वाढताना स्वतः चित्रित केलं होतं. मुलांना आधी ते सांगा, मग पेटी द्या.

धागाकर्ती

दादा, वाचल्या वाचल्या पुठ्ठा कापायला बसले. पंधराच्या पंधरा लागली. ए दोन, ई दोन, आर दोन, बाकी एकेक. काडेपेटीत मावत नाहीत, मिठाईचा लहान डबा घेतला आहे. ही पेटी मी त्या अबोल मुलालाच देणार आहे, आणि देण्याआधी त्याच्याकडूनच मोजून घेणार आहे.

पहिल्या प्रतिसादातल्या काकांचेही आभार. आमच्याकडे घरात 'साकळणं' म्हणतात, पण वर्गात वापरायचं सुचलं नव्हतं. 'तारतम्य' घेते.

मुलं पंधरा आहेत आणि आता पेट्या अकरा झाल्या. अजून चार जोड्या हव्यात. शुक्रवारी रात्रीपर्यंत मिळाल्या तर कापून होतील.