मारा सहल : माणशी ३०० डॉलर जादा कशाचे?

शेवडेकाकू (बी-३०२): सुप्रभात. खजिनदारांनी रात्री पावणेबाराला टाकलेला मेसेज आत्ता वाचला. माणशी अजून ३०० डॉलर? हे कुठून आलं? आधीच्या आकड्यात सगळं आलं असं सांगून आमच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं.

खजिनदार (ए-१०३): काकू नमस्कार 🙏 तेव्हा आपण मे धरला होता. जूनअखेरपर्यंत केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची एंट्री मोठ्या माणसाला दिवसाला १०० डॉलर आहे. १ जुलै ते ३१ डिसेंबर २००. आपण दिवाळीच्या सुट्टीवर गेलो, तीन दिवसांचे ३०० वाढले. टूरवाल्याचा यात काही संबंध नाही, दर तिथल्या नारोक काउंटीचा, म्हणजे जिल्हा प्रशासनाचा आहे.

शेवडेकाकू: "आपण गेलो" म्हणजे नक्की कोण गेलं?

मिलिंद (सी-१०१): पोल टाकला होता काकू.

शेवडेकाकू: हो ना. रात्री पोल, सकाळी निकाल. पार्किंगचं असंच केलंत.

मिलिंद: पार्किंग इथे नको प्लीज.

नाना (बी-२०४): एकच मुद्दा. जीपमध्ये प्रत्येकाला खिडकी, रोज जागा बदलून. टूरवाल्याकडून लेखी घ्या. ताडोबाला मला मधे बसवलं होतं.

प्राजक्ता (ए-२०४): पैसे बाजूला ठेवा, मला वेगळीच शंका आहे. सगळ्यांना ते विल्डबीस्टचे (तिथली मोठी, शिंगवाली हरणं) कळप मगरींमधून नदी ओलांडताना बघायचंय ना? ते मारात साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. नोव्हेंबरला कळप परत टांझानियातल्या सेरेंगेटीच्या वाटेला लागलेले असतात, आणि केनियात तेव्हा छोटा पावसाळा. म्हणजे दर दुप्पट आणि नदी रिकामी.

मिलिंद: रिकामी कशी? पाणघोडे आहेत की.

प्राजक्ता: पाणघोडे बाराही महिने असतात. त्यासाठी दुप्पट दर द्यायचा का?

पाटीलसाहेब (सी-४०२): बिबट्या बघायचा तर केनिया कशाला? जुन्नरला चला. उसात. फुकट. 😂

मिलिंद: आणि चित्त्यासाठी कुनो. आफ्रिकेतलेच आणलेत, पासपोर्टही नको.

सचिव (ए-४०१): हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया सहलीचा वेगळा ग्रुप काढा. आज टाकी साफ होणार, दुपारी २ ते ४ पाणी बंद.

शेवडेकाकू: सहल सोसायटीचीच आहे. बॅनर तुम्हीच छापलात.

डॉ. अभ्यंकर (बी-१०१): विषय निघालाच आहे तर, यलो फीवरची लस अजून किती जणांनी घेतली नाही? मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. केनियाहून परतताना कार्ड नसेल तर आपलेच लोक विमानतळावर अडवतात आणि ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

पाटीलसाहेब: जेवण फुकट असतं का तिथे?

डॉ. अभ्यंकर: पाटीलसाहेब, ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढच्यांनी परस्पर जाऊन टोचून घेऊ नका. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तरीही आधी मला भेटा. चेष्टा नाही.

नाना: डॉक्टरांचं बरोबर. पण खिडकी लेखी घ्या.

जोशीवहिनी (ए-३०१): खाऊचं काय? मी ४० जणांची भाकरवडी आणि दशम्या धरल्यात.

प्राजक्ता: वहिनी, कॅरीबॅगेत नको. तिथे २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती कडक आहे. अभयारण्यात एकदा वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. डबे घ्या, कापडी पिशव्या घ्या. स्वेटरपण. मारा दीड हजार मीटरवर आहे, पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात.

पाटीलसाहेब: उघड्या छताच्या गाडीत दशम्या. सिंहाला वास गेला तर?

जोशीवहिनी: माझ्या दशम्यांना नावं ठेवू नका भाऊजी. मागच्या वेळी सर्वात जास्त तुम्हीच खाल्ल्यात.

शेवडेकाकू: ताडोबाला कोणाची रिंगटोन वाजली आणि वाघीण उठून गेली, तेही सर्वांच्या लक्षात आहे. मी नाव घेत नाही.

पाटीलसाहेब: काकू, वाघीण आधीच उठत होती.

मिलिंद: मुद्द्यावर या. प्राजक्ता, मग तुझं म्हणणं काय? ऑगस्टमध्ये जायचं? घटक चाचण्या आणि गणपतीच्या वर्गण्या कोण बघणार?

प्राजक्ता: दोनच मार्ग आहेत. नदीच बघायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, २०० डॉलर निमूट द्यायचे, आणि तासन् तास काठावर थांबायची तयारी ठेवायची. कळप आले म्हणून उतरतीलच असं नाही. नाहीतर जूनचा पहिला आठवडा. मोठा पाऊस ओसरलेला, १०० डॉलर, शाळा १५ जूनच्या आसपास उघडते. नदी ओलांडणं नाही, पण सिंह, हत्ती, जिराफ, म्हशी कुठे जात नाहीत. गर्दीही कमी. दिवाळी मात्र सगळ्यात वाईट निवड आहे, हे मी पोलच्या वेळीही लिहिलं होतं. कोणी वाचलं नाही.

मिलिंद: वाचलं होतं गं. पण लांबलचक होतं.

खजिनदार: जून असेल तर ३०० परत येतात. पण विमानाची ग्रुप सीट मी अजून कन्फर्म केलेली नाही, गुरुवारपर्यंत सांगावं लागेल. ज्यांनी पहिला हप्ताही दिलेला नाही त्यांनी कृपया मत देऊ नये.

पाटीलसाहेब: हे माझ्यासाठी आहे का?

खजिनदार: सर्वांसाठी आहे पाटीलसाहेब 🙏

नाना: जून असो की दिवाळी, खिडकी.

डॉ. अभ्यंकर: जून असेल तर लस एप्रिल-मेमध्ये उरका. केंद्रांवर ठराविक वारीच देतात, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

मिलिंद: मग काकू, जून चालेल ना? तुमचेच ३०० वाचतात.

शेवडेकाकू: जूनमध्ये माझं लोणचं असतं. कैऱ्या काय दिवाळीत येणार आहेत?

मिलिंद: काकू...

शेवडेकाकू: मी फक्त पैसे कशाचे एवढंच विचारलं होतं. तारीख बदला असं मी म्हटलेलं नाही. वर जाऊन वाचा.

जोशीवहिनी: लोणचं मेअखेर घालून टाकू काकू, मी येते फोडी करायला.

शेवडेकाकू: मेअखेरची कैरी मऊ पडते. असो. रविवारी मीटिंग घ्या, पोल नको.

सचिव: रविवारी सकाळी ११, क्लब हाऊस. सी विंगसमोर टँकर येणार आहे, गाड्या आधी हलवा.

मिलिंद: परत सी विंगच का?