बंद सूतगिरणी, पडकं गोदाम अन् कब्रस्तानची भिंत : आमदारांना एक निवेदन की तीन?

धुऱ्यावरचा
यवतमाळ जिल्हा. नागपूर अधिवेशनाआधी आमदार साहेब तालुक्याला येत आहेत. ग्रामसभेत तीन विषय निघाले. सहकारी सूतगिरणी अवसायनात (कायमची गुंडाळायच्या प्रक्रियेत), कामगारांची देणी थकली. तिचंच रस्त्यालगतचं गोदाम पडायला आलं, खालून शाळेची पोरं जातात. अन् कब्रस्तानला कुंपण नाही. सरपंच म्हणतात एकाच कागदावर लिहा. काय करावं?

नमुना_आठ
तीन कागद, भाऊ. एकत्र निवेदन 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' शेरा मारून एकाच कार्यालयात जाते, बाकीचे दोन विषय तिथंच मरतात. गिरणीचं वस्त्रोद्योग आयुक्त, नागपूर यांच्या नावे, गोदामाचं तहसीलदारांच्या, कब्रस्तानचं जिल्हाधिकाऱ्यांच्या. आमदारांचं पत्र प्रत्येकाला वेगळं जोडून घ्या.

गिरणीची मालमत्ता आज कोणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' वाचा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०३ खाली अवसायक (गिरणी गुंडाळायला नेमलेला माणूस) नेमल्याच्या आदेशाची प्रत काढा. बँकेनं सरफेसी कायद्यानं (थकीत कर्जापायी तारण मालमत्ता घ्यायचा कायदा) ताबा घेतला असंल तर अवसायक हात वर करतो. प्रत मागायचा माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांच्या आत अन् एकाच विषयाचा ठेवा, नाही तर परत येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत ३० दिवस.

'गिरणी सुरू करा' एवढंच लिहू नका. देणी मागा. सहकारी गिरण्यांचा भांडवलाचा साचा ५:४५:५० असा, म्हणजे सभासदांचे ५, शासनाचं भागभांडवल ४५, कर्ज ५०. शासन त्यात भागीदार आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यावं. सोबत कामगारांची यादी : नाव, जुना पीएफ खाते क्रमांक, लागल्याची तारीख, शेवटचा दिवस, शेवटचा पगार. ग्रॅच्युइटीचा आकडा स्वतः मांडा. मूळ पगार अन् महागाई भत्ता मिळून ९,१०० असंल, नोकरी १२ वर्षं, तर ९,१०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२ = ६३,००० रुपये. पीएफची थकबाकी इतर देण्यांच्या आधी वसूल होते, तेही लिहा.

पऱ्हाटी
सूतगिरणी परत उभी राहील हे मनातून काढा. २५,२०० चात्यांची (सूत कातायच्या) गिरणी एकदा भंगारात गेली की गेली. मागायचंच असंल तर त्या जागेवर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) मागा. साधारण ५ क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ निघते, सरकी गावातच राहते. पण वीजजोडणी हंगामी वर्गवारीतच घ्या. काम चार-पाच महिने अन् मागणी आकार (वीज वापरा न वापरा, लागणारा) बारा महिने, यातच लहान जिनिंग बुडतात.

ओळंबा
गोदामाचं सगळ्यात आधी करा. लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) चोरीला गेल्या असतील तर भिंतीला वरून धरणारं काही राहत नाही, ती पावसाळ्यात रस्त्याकडं कलते. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून वर अन् खाली किती इंचांचा फरक पडतो ते मोजा. भेगेवर प्लास्टरची पट्टी मारून तारीख टाका. पट्टी तडकली तर भिंत सरकते आहे, फोटो काढा.

अर्ज कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांकडं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३). सोबत नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा) उतारा, रस्त्यापासूनचं अंतर, शाखा अभियंत्याचा अभिप्राय. ग्रामपंचायतीनं स्वतः जेसीबी लावू नये, अवसायक नुकसानभरपाई मागतो. अन् छताचे सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते. ओले करून अख्खे उतरवा.

काळी_माती
कब्रस्तानचं : भिंतीआधी मोजणी. भूमी अभिलेखची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात नसताना पाया खोदला की शेजारचा धुऱ्यावर उभा राहतो. जमीन गावठाण, शासकीय की वक्फ, ते सातबाऱ्यावर पाहा. वक्फ नोंद असंल तर वक्फ मंडळाचं ना-हरकत आधीच मागा.

अल्पसंख्याक विकास विभागाच्या ग्रामीण क्षेत्रविकास योजनेत गावात किमान १०० अल्पसंख्याक लागतात. बरीच गावं इथंच चुकतात, फक्त मुस्लिम घरं मोजतात. बौद्ध, जैन, ख्रिश्चनही त्यात येतात. विदर्भात बौद्ध वस्ती धरली की आकडा सहज भरतो, अन् मग स्मशानभूमीचा रस्ताही त्याच ठरावात मांडता येतो. जनगणनेत गावनिहाय धर्माचे आकडे छापत नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीचा दाखला जोडा.

भिंतीची लांबी ठरावात लिहा. चौरस एक एकराला साधारण ८३५ फूट. काळ्या मातीत नुसत्या विटांच्या पायावर उभी केली तर दोन उन्हाळ्यांत तडे. माती फुगते, आकसते. मुरूम लागेपर्यंत खोदा, वर जोत्याचा बीम, ठरावीक अंतरावर सांधे, खाली पाण्याला भोकं.

धुऱ्यावरचा
सातबारा काढला. इतर हक्कात बँकेचा बोजा आहे, अवसायकाचं नाव नाही. आमदारांना तारांकित प्रश्नही (सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा) द्यायचा आहे.

नमुना_आठ
बोजा म्हणजे कर्जाची नोंद. ताबा वेगळा. अवसायकाला लेखी विचारा, ताबा पावती कोणाकडं आहे.

प्रश्नाचा मसुदा ठरलेल्या साच्यात द्या : '…गिरणी …पासून बंद असून कामगारांची देणी थकीत आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' पहिल्या भागात फक्त पक्की तारीख अन् पक्का आकडा. एक जरी चुकला तर उत्तर येते 'हे खरे नाही', अन् पुढच्या सगळ्यांपुढं 'प्रश्न उद्भवत नाही'. देण्यांचा दावा न्यायालयात चालू असंल तर तो भाग गाळा, न्यायप्रविष्ट म्हणून अख्खा प्रश्नच अडतो.