'महरजस'मधला 'स' : राजाचा की राजास?

नाणेवेडा : मित्राकडच्या एका चांदीच्या द्राख्मावर (ग्रीक पद्धतीचे नाणे) मराठीत टिपण लिहितोय. हिंद-ग्रीक राजा मिनँडर, इ.स.पू. दुसरे शतक, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. एका बाजूला राजाचे मुंडके आणि ग्रीक मजकूर. दुसरीकडे वज्र उगारलेली ग्रीक देवी अथीना, भोवती खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. मी 'त्राता महाराज मिनँडर याचे' असे लिहिले. मित्र अडून बसलाय, "'स' दिसतोय ना? महाराजास अर्पण!"

टाकसाळ्या : षष्ठीच आहे हो. ग्रीक बाजूलाही 'बॅसिलिओस' म्हणजे 'राजाचे'. आपल्या क्षत्रप राजा नहपानाचे 'रञो छहरातस नहपानस', म्हणजे 'क्षहरात राजा नहपानाचे', बघा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर नाणी निघाली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. 'नहपानस' अर्धवट पुसलेले आणि वर 'सातकणिस'. हे काय दोघांना अर्पण?

प्राकृतप्रेमी : मित्राला इतके झोडपू नका. प्राकृतात चतुर्थीचे काम षष्ठीनेच उरकायचे. 'रामास'मधला 'स' प्राकृत षष्ठीच्या '-स्स' प्रत्ययाचा वंशज, असे मानणारे कमी नाहीत. खरोष्ठीत दीर्घ स्वर दाखवत नाहीत, म्हणून 'महरजस', उच्चार 'महाराजस'च.

मायमराठी : ते सगळे ठीक, पण 'द्राख्मा' कशाला? 'द्रम्म' हा अस्सल आपला शब्द आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात सोळा पणांचा (पण हे छोटे नाणे) द्रम्म सांगितलाय.

टाकसाळ्या : अस्सल? द्रम्म म्हणजे मुंज लावून संस्कृत केलेला द्राख्माच!

मायमराठी : ११५० सालच्या ग्रंथातला शब्द अजून परका? मग 'दाम'ही टाका. दामदुप्पट, दाम करी काम, सगळेच हद्दपार करा.

बाराखडी : 'दाम' अकबराच्या तांब्याच्या नाण्याचे नाव ना? फारसीच असणार.

प्राकृतप्रेमी : अकबराने तरी कुठून घेतला? द्रम्म, दम्म, दाम. आणि मिनँडर नको, मिलिंद लिहा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात या राजाचे तेच नाव आहे. मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा विद्यार्थी, तेव्हा पक्षपात गृहीत धरा.

नाणेवेडा : नाण्यावर 'मेनंद्र' आहे, मिलिंद कसे लिहू? आणि 'याचे' ठेवू की नको?

बाराखडी : 'दमडी' पण द्रम्मातूनच का? आमची आजी तो शब्द कवडीच्या हिशेबात सांगायची.

मायमराठी : दमडीसाठी वेगळा धागा काढा, लिहिण्यासारखे बरेच आहे.